दोन्ही टोकं

लेकीच्या स्वयंपाकघरातला नवा सॉकेट तापतो म्हणून मी तो तीनदा उघडून बघितला आणि तिन्ही वेळा तिलाच वेड्यात काढलं. आत चांगली जाड वायर होती. मेन बोर्डाच्या टोकालाही तीच. "दादाने केलंय ते काम," मी म्हणालो. "त्यात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वायरमनचं काम मला त्यानेच शिकवलं. ओव्हन, किटली वाढली की जुन्या सॉकेटला बारीक शेपूट जोडून पुढे जायचं नाही, थेट मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर आणायची, हा धडा त्याने मला कान पिरगाळून दिला होता. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेकीचं काम मी डोळे मिटून त्याच्यावर सोपवलं.

काल तिने ओव्हन आणि किटली एकदम लावली. भिंतीतून जळका वास आला. त्याच भिंतीपलीकडे माझी चार महिन्यांची नात झोपली होती. लेकीने मेन बंद केलं, पोरीला उचललं आणि जिन्यात बसून मला फोन केला. भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी पडलाच नव्हता. तो जाड वायरीच्या हिशेबाने बसवलेला, त्याला काय कळणार?

मी सॉकेट सोडवून वायर ओढली. वीतभर जाड आली, मग टेपचा गोळा, आणि त्यापुढे दिव्याला वापरतात तसली बारीक वायर, वितळून भिंतीतल्या पाइपला चिकटलेली. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून. असं माझ्या ओळखीत एकच माणूस दुमडतो. राग नंतर आला, आधी रडू आलं.

दादाच्या दारातच मी टेपच्या गोळ्यासकट कापून आणलेला वायरीचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

"पाइप भरलेला होता," तो म्हणाला. "जाड वायर जाईना. नव्या घराची भिंत फोडायची होती का?"

"फोडायची होती! नाहीतर मला सांगायचं होतंस. माझी लेक तुझ्याही अंगाखांद्यावर खेळली ना रे?"

"लागली का आग? उगाच राईचा पर्वत करतोस. दोन्ही टोकं बरोबर होती की."

"मग टोकं तेवढी बरोबर का ठेवलीस?"

तो चष्मा पुसत बसला.

"तू बघशील म्हणून," शेवटी म्हणाला. "तू टोकंच बघतोस. मीच शिकवलंय तुला."

मी तुकडा तिथेच टाकला आणि घरी आलो. चपला न काढताच मेन बंद केलं.

"अहो, भर दुपारी पंखा का घालवलात?" बायको आतून ओरडली.

"आपल्या घराचं वायरिंग कोणी केलंय?"

"थोरल्या भाऊजींनी. का हो?"

मी छिन्नी शोधायला लागलो.