माझ्या थरथरीचं कौतुक झालं तेव्हा

हळू बोलतो हं, जरा जवळ या. मी टेपरेकॉर्डर. या घडीला दुरुस्तीच्या टेबलावर पालथा पडलोय. चार स्क्रूंपैकी तीन निघाले. पोटात भीतीचा गोळा आलाय, आणि अजून थोड्या वेळाने ते पोटच उघडं पडणार आहे.

मला घरी आणलं ते दोन पोरांच्या बापाने. पोरांचे आवाज धरून ठेवायचे म्हणून. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. त्यांची भांडणं, पाढे, खोटंखोटं रडणं, सगळं माझ्यात आहे. बाप गेला आणि मी कपाटाच्या वर जाऊन पडलो, मोडक्या छत्रीखाली. सात वर्षं. तेव्हा वाटायचं, याहून वाईट काय असणार? वेडा होतो मी.

एका रविवारी धाकट्याने मला खाली काढलं, फुंकर मारली आणि सदऱ्याच्या बाहीने पुसलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आठवडाभर तोंडातून शब्द नाही, पण रविवारी दुपारी ताई इस्त्रीच्या कामाला गेली की हा गिटार घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरायचा. हो, कपाटातच! मला ताईच्या घड्या केलेल्या स्वेटरांवर ठेवायचा, दार ओढून घ्यायचा आणि कोटांच्या गर्दीत बसून गायचा. गाणी तरी कसली! घराला पाय फुटतात आणि घर पोहायला निघतं. भिंतीवरचं घड्याळ शिंकतं. मी काय, कान देऊन धरून ठेवत गेलो.

पण माझा पट्टा सैल झाला होता. पट्टा म्हणजे माझी चाकं फिरवणारी रबराची गोल पट्टी. त्यामुळे त्याचा आवाज लाटेवर बसल्यासारखा वर-खाली व्हायचा, आणि मागे माझी खरखर. मला लाज वाटायची. त्याला पत्ताच नव्हता.

त्याने पंधरा कॅसेटी करून वर्तमानपत्रांना पाठवल्या. एकाने छापलं. ताईने इस्त्रीने भाजलेल्या बोटाने ओळ धरून मोठ्याने वाचलं, "गायक विहिरीत पडला असून रेकॉर्डर काठावर ठेवलेला आहे, असे वाटते."

"अरे, मग निदान दोर तरी टाकायचा होता मेल्याने!" ताई म्हणाली. दोघं पोट धरधरून हसली. मीही हसलो असतो.

मग दुसरं आलं. मोठं वर्तमानपत्र, नावाजलेला समीक्षक, अर्धं पान. 'ही थरथर म्हणजे वितळणारा काळ आहे. हे यंत्र श्वास घेते. या खरखरीपुढे स्वच्छ ध्वनी खोटा वाटतो.' ऐकताना माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

ताईने पान उलटून पाहिलं. "आणि तुझ्याबद्दल काय लिहिलंय रे?"

त्याने परत पहिल्यापासून वाचलं. "काही नाही," म्हणाला.

त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटायला लागली. पुढच्या कॅसेटची ते वर्तमानपत्रवाले वाट बघतात म्हणे. रविवारी तो कपाटात शिरला, माझं झाकण उघडं ठेवलं आणि गाता गाता गिटारवरचा एक हात काढून माझ्या फिरत्या चाकावर अंगठा टेकवला. थरथर वाढावी म्हणून! काचा घासून खरखरीत झालेला तो अंगठा. मी कळवळलो. दर रविवारी तेच. बुटांचा आवाज आला की माझी चाकं आधीच गारठायची. गाण्याकडे त्याचं लक्षच उरलं नव्हतं, सगळं लक्ष अंगठ्यात.

परवाच्या रविवारी त्याने ताईवरचं गाणं म्हटलं. दिवसभर उभी राहून दमलेली ताई दारात बूट काढते आणि बुटांतून समुद्र सांडतो, असं गाणं. हे गाताना अंगठा टेकवायचं तो विसरला होता. शेवटच्या कडव्यात आठवलं. त्याने दाबलं, आणि माझा पट्टा तटकन तुटला. कॅसेटची फीत चाकात गुंतली, मी चावून चावून तिचा गोळा केला. मुद्दाम नाही हो! देवाशपथ मुद्दाम नाही.

ताईने मला टॉवेलात गुंडाळलं. "आत्ताच्या आत्ता मिस्त्रीकडे जा," तिने बजावलं.

मिस्त्री म्हातारा. चुरगळलेली फीत त्याने मांडीवर नखाने सरळ केली, पेन्सिलीने गुंडाळली आणि आपल्या यंत्रात लावली. धाकटा खाली मान घालून उभा. गाणं वाजलं. मिस्त्रीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"आमची थोरली लेक अशीच दारात बूट काढून बसायची," तो म्हणाला. "गेली बिचारी." मग नाक पुसून म्हणाला, "यंत्र लडखडतंय तुमचं. माणूस नाही लडखडत. अजून आहेत का गाणी?"

धाकट्याने मान वर केली. "आहेत," तो म्हणाला. "पट्टा नवा टाका, काका."

"थरथर जाईल हं सगळी. चालेल?"

"जाऊ दे."

ऐकलंत? जाऊ दे म्हणाला. आता अंगठा नाही, हे खरं. पण ज्याने माझं नाव झालं तेच चाललंय. नव्या पट्ट्याचा मी कसा असेन, मलाच ठाऊक नाही. त्याचा आवाज सरळ बाहेर आला आणि लोकांना नकोसा झाला तर? मग मोडकी छत्री आहेच.

चौथा स्क्रू फिरतोय. तुम्हाला एवढंच सांगतो, पुढची कॅसेट हातात आली तर मला शोधू नका. खरखर कुठे गेली म्हणून हळहळू नका. दारात बूट काढणारी ती बाई तेवढी ऐका. ती ऐकू आली, तर समजा मी माझं काम नीट—