टाकीमागचा डबा

वच्छलाबाईंच्या सिडकोतल्या गच्चीवर निवडुंगाच्या कुंड्यांची अशी दाटी होती, की पापड वाळवायला जागा मिळायची नाही. त्यातली एक कुंडी मात्र त्यांचा जीव की प्राण. ते गोल, शिरांशिरांचं झाड त्यांच्या यजमानांनी, बद्रीनाथरावांनी आणलेलं. माणूस भारी मायाळू. भर थंडीतही झाडाला पाणी पाजायचे, आणि हे झाड तर थंडीत कोरडं राहिल्याशिवाय फुलत नाही. फूल न बघताच ते गेले. यंदा वच्छलाबाईंनी हिवाळाभर थेंब दिला नाही, आणि चैत्रात झाडाच्या कुशीतून केसाळ कळी डोकावली. नवऱ्याचं राहून गेलेलं फूल आपण तरी बघायचं, एवढीच त्यांची आस होती.

तेवढ्यात सून मेघाची आई लासूर स्टेशनहून आली. गच्चीवर नजर फिरवून म्हणाली, "काटेरी झाडं घरात नसावीत बाई. भांडणं लागत्यात."

विहीणबाई गेल्या, पण वच्छलाबाईंच्या डोक्यात किडा सोडून गेल्या. त्यांनी मेघाला बजावलं, "माझ्या झाडांना हात लावायचा नाय." मेघा 'बरं' म्हणून कामाला लागली. इतक्या मुकाट्यानं? वच्छलाबाईंना नेमकं तेच खटकलं.

मग पहारा सुरू झाला. मेघा कपडे वाळत घालायला जायची ती लवकर उतरायचीच नाही, आणि उतरली की बोटांना माती. वच्छलाबाईंनी कुंडी जिन्यात आणली. जिन्यातून मेघा ये-जा करते, म्हणून देवघराच्या खिडकीत नेली. तिथं ती दिवा लावते, म्हणून पुन्हा गच्चीवर, दुसऱ्या कोपऱ्यात. शेजारच्या सुलेखाबाई म्हणाल्याही, "मांजरीनं पिल्लं हलवावी तसं काय चाललंय हो?" वच्छलाबाईंना काही हसू आलं नाही.

एका सकाळी कळी पिवळी पडून मातीत गळलेली दिसली. मुलगा शिवम चहा पीत होता. त्याच्यादेखत त्या सुनेवर कडाडल्या, "तूच खुडलीस! आईचं ऐकलंस!"

मेघाचे डोळे भरून आले. "मी हात नाय लावला, आई," एवढंच ती म्हणाली.

दुपारी ती वर गेली, तशा वच्छलाबाई दबकत मागोमाग. मेघा पाण्याच्या टाकीमागं बसली होती. समोर तेलाचा पत्र्याचा डबा, त्यात तेच झाड, पण लहान, आणि त्याला लांब देठाची टपोरी कळी.

"चोरटी कुठली!"

"चोरलं नाय. तुम्ही मागं मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेली पिल्लं तोडून कचऱ्यात टाकली, त्यातलं एक उचललं. तुम्ही रागवाल म्हणून लपवलं."

"मग माझी कळी गळाली अन् तुझी कशी राहिली?"

"मी डबा हलवला नाय. कळी धरली की कुंडी जागची हलवायची नाय, हे तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

वच्छलाबाई डब्याशेजारी बसल्या. जिना, देवघर, कोपरा, सगळे हेलपाटे आठवले. फूल आपणच घालवलं, आणि आळ हिच्यावर घेतला, तोही हिच्या नवऱ्यासमोर. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कळीला ऊन लागतंय म्हणून सवयीनं हात डबा सरकवायला पुढं गेला. त्यांनी तो चटकन मागं घेतला.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कधी उमलंल?"

"उद्या संध्याकाळी, बहुतेक."

"मला बघायला बोलावशील?"

मेघानं ओढणीनं डोळे पुसले. "बोलवीन. पण हात लावायचा नाय."

"नाय लावत," वच्छलाबाई म्हणाल्या.