वीस मिनिटांचं आकाश

बेटावरच्या चिमुकल्या विमानतळावर ती तिकीट खिडकीवर काम करायची. घाबरणाऱ्या प्रवाशांना तिचं ठरलेलं उत्तर असे, "अहो, समोरचं बेट साठ किलोमीटर. वीस मिनिटांत पोचाल!"

सासूबाईंनाही तिने असंच समजावलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन समोरच्या बेटावरच्या दवाखान्यात आणि बोटीत बसलं की त्यांना उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा. "तू म्हणतेस म्हणून जाते गं," म्हणत त्या सकाळी नऊ आसनी विमानात चढल्या. पलीकडे उतरवून घ्यायला धाकटी नणंद येणार होती.

अर्धा तास झाला, तरी पोचल्याचा निरोप नाही. तिने पलीकडच्या विमानतळावर फोन लावला.

"इथे धुकं उतरलंय," तिकडचा कर्मचारी म्हणाला. "तुमचं विमान दिसत नाही. पायलट रेडिओवर उत्तरही देत नाहीये."

तिने फोन खाली ठेवला. तेवढ्यात सासूबाईंना सोडायला आलेले आणि बाकावर बसून राहिलेले सासरे खिडकीशी आले.

"पोचली का गं?"

"हो बाबा, पोचल्या," तिच्या तोंडून निघून गेलं.

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला, "अरे, आई सुखरूप पोचली बरं का!" आता काही बरंवाईट झालं तर? ती खिडकीमागून बाहेर आली.

"बाबा, मी खोटं बोलले. विमानाचा पत्ता नाहीये."

ते रागावतील असं तिला वाटलं. पण ते बाकावर जाऊन बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली. "बस इथे. एकट्याने वाट बघवत नाही."

दोघं ढगांकडे डोळे लावून बसली. तिला राहून राहून वाटत होतं, आपणच सासूबाईंना विमानात ढकललं.

शेवटी घरघर ऐकू आली. ढगातून विमान खाली आलं आणि इथेच, त्यांच्याच धावपट्टीवर टेकलं. पायलट घामाघूम होऊन उतरला. धुक्यात घिरट्या घालून इंधन संपत आलं, रेडिओही बंद पडला, म्हणून तो परत फिरला होता.

त्याचा हात धरून सासूबाई उतरल्या. सासऱ्यांनी त्यांना हाक मारली, तशा त्या थबकल्या.

"अगं बाई! तुम्ही माझ्याआधी कसे पोचलात?"

सासऱ्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. सूनबाई मात्र सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

सगळं कळल्यावर त्यांनी सुनेचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पुन्हा जाईन. पण तू शेजारी हवीस."

दुपारी धुकं विरलं, दुसरं विमान आलं. खिडकी सहकाऱ्यावर सोपवून ती सासूबाईंच्या शेजारी बसली. विमान हवेत उचललं गेलं तसा तिने त्यांचा हात इतका घट्ट धरला, की त्या कळवळल्या.

"अगं, हळू! हाडं मोडशील माझी."