अर्धा इंच

वाचनालयातल्या काचेच्या कपाटासमोर उभी राहिले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत माझ्या धाकट्या भावाचा लष्करी कोट टांगला होता. स्वच्छ, कडक इस्त्रीचा, आणि दोन्ही बाह्या अगदी सारख्या.

"या सारख्या कशा झाल्या?" मी विचारलं.

स्मारक समितीचे अध्यक्ष खूश होऊन पुढे आले. "तुमच्या लक्षात आलं बघा, ताई! डावी बाही आखूड होती. घाईत कुणीतरी चुकीची दुमडली असणार. आमच्या टेलरने उसवून सरळ करून दिली."

"ते कुणीतरी म्हणजे मी."

बारा वर्षं मी लोकांचे कपडे शिवते. गिऱ्हाईक पोट आत ओढून खोटी मापं देतं, तरी माझी बाही कधी चुकलेली नाही. आणि हे मला चूक दाखवणार! बरं, कोट इथे आलाय हेही मला आजच कळलं. आईने परस्पर देऊन टाकला होता. ती आता मागच्या बाकावर बसली होती, जसा काही तिचा संबंधच नाही.

धाकट्याचा डावा हात उजव्यापेक्षा अर्धा इंच कमी होता. नऊ वर्षांचा असताना मोडला आणि वाकडा जुळला. सायकलवरून पडला, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. ती सायकल मागून मी धरली होती आणि मैत्रिणीशी बोलण्याच्या नादात सोडून दिली, हे फक्त आम्हा दोघांना. त्याने कधी माझं नाव घेतलं नाही. फक्त त्या बदल्यात मोठेपणी सगळे शर्ट माझ्याकडून शिवून घेतले, तेही दर वेळी नवी खोड काढून.

भरतीच्या वेळी डॉक्टरने त्याचे दोन्ही हात टेपने मोजले. "एवढं चालतं म्हणाला," धाकट्याने घरात पाऊल टाकताच सांगितलं. "जरा जास्त फरक असता तर घरी पाठवला असता." सगळ्यांत जास्त जीव भांड्यात पडला तो माझा. माझ्यामुळे त्याचं काही अडलं नव्हतं.

पहिल्या सुट्टीत तो हा कोट घालून माझ्या मशीनसमोर उभा राहिला. डावी बाही मनगटाखाली तळव्यावर उतरली होती. "ताई, हे तुझंच काम," म्हणाला आणि डोळा मारला. मी बाही अर्धा इंच आत दुमडली. पुढच्याच वर्षी लढाई सुरू झाली. तेविसावं लागलं होतं त्याला. कोट तेवढा पेटीतून परत आला. त्याच्या अंगाची म्हणून काही खूण उरली असेल, तर ती दुमड.

"अहो, पण उद्या उद्घाटन आहे," अध्यक्ष म्हणाले. "आखूड बाही बघून पाहुणे काय म्हणतील? वीराचा कोट रुबाबदार दिसायला हवा."

कपाटाशेजारच्या पाटीवर 'बालपणापासून निर्भय' असं कोरलं होतं. पाल दिसली की पलंगावर चढून बोंबलणारा तो! पाटीपुढे मी हात टेकले. बाहीपुढे टेकणार नव्हते.

"कपाट उघडा, काका."

"किल्ली नाही माझ्याकडे."

ती त्यांच्या खिशातून लोंबत होती. मी काही बोलणार तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "किल्ली द्या." त्यांनी मुकाट्याने दिली.

आईशेजारी बसून मी पर्समधली सुई-कात्री काढली आणि त्या टेलरची शिलाई उसवली. इस्त्री फिरवूनही जुन्या दुमडीची रेघ पुरती गेली नव्हती. तिच्यावरूनच कापड आत वळवलं आणि हाताने टाके घालायला लागले. आईने बाही ताणून धरली होती. अध्यक्ष समोर येरझाऱ्या घालून घड्याळ बघत होते, शेवटी कंटाळून बाहेर गेले.

"सायकल तूच सोडली होतीस ना?" आई म्हणाली.

माझी सुई थांबली. "त्याने सांगितलं?"

"तो कसला सांगतोय! दुसऱ्या दिवसापासून तू त्याचं दप्तर उचलायला लागलीस. मला काय डोळे नव्हते?"

इतक्या वर्षांनी आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. आईने तळव्याने बाही सपाट केली, मग पुन्हा एकदा केली.

"हात मोडलाच होतास तर नीट मोडायचास गं," ती वैतागून म्हणाली. "घरी राहिला असता."

चार टाके उरले होते, पण मला कापडच दिसेना. ते तिनेच घातले. वाकडेतिकडे पडले, पण मी उसवले नाहीत.