चतुरांच्या तळ्यावर जळकं ऑइल

पिंपळवंडीच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत यंदा भादव्यात डेंगू शिरला, अन् पहिली सापडली ती गेणभाऊंची नात समृद्धी. आठ वर्षांची पोर. दवाखान्यात सलाईन लावलेलं, पेशी रोज खाली येत होत्या. गेणभाऊंचा या नातीवर भारी जीव. दुखणं असं घरात शिरलं की माणसाला राग काढायला काहीतरी लागतं. गेणभाऊंना तळं सापडलं.

तळं म्हणजे वाडीपासून मैलभरावर, ओढ्यालगतची पाणथळ. तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं ती पाखरांसाठी अन् किड्यांसाठी राखीव ठेवली. शहरातली माणसं येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून पाण्यावर भिरभिरणारे चतुर तासन्‌तास बघत बसतात. "खुळ्यांचा बाजार! किडं काय बघायची चीज हाय व्हय?" असं गेणभाऊ पहिल्यापासून म्हणायचे. आता तर कारणच मिळालं. गॅरेजातून जळक्या ऑइलचे दोन कॅन आणले, मोटरसायकलला बांधले अन् सकाळीच तळं गाठलं. पाण्यावर तेलाचा तवंग धरला की डासांची पिल्लं गुदमरतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेवढं खरंही आहे.

राखणीला ठकूबाई होती. भीमाशंकरकडच्या डोंगरातली म्हातारी, लेकीकडं राहायला आली अन् पाणथळीची राखणदार झाली. शाळा दुसरीपर्यंत, पण किड्यांचं बोलायला लागली की कॉलेजची पोरं वह्या काढतात.

"भाऊ, काय आणलंय?"

"औषध. तुमच्या डासांच्या कारखान्याला! व्हा बाजूला. माझी नात तिकडं मरणाच्या दारात, अन् तुमी इथं किडं पाळताय!"

ठकूबाई हलली नाही, अन् ओरडलीही नाही. "पोरीचं ऐकलं, लई वाईट वाटलं. पर दहा मिन्टं बसा. या पाण्यात मूठभर डासाची पिल्लं दावा, मग मीच कॅन उपडा करते."

गेणभाऊ फुरंगटून बसले. समोर लव्हाळ्याच्या शेंड्यावर एक लालभडक चतुर होता. तो सुर्रकन उडायचा, पुन्हा त्याच शेंड्यावर येऊन बसायचा, अन् तोंड चालूच.

"काय खातोय त्यो?" न राहवून गेणभाऊंनी विचारलं.

"चिलटं, डास, घावंल ते. अन् ती पल्याडची मादी बघा, पाण्याला शेपटी टेकवतीय ना? अंडी घालतीय." ठकूबाईनं जाळीनं तळाचा गाळ उपसला अन् पाण्यासकट पांढऱ्या ताटलीत ओतला. डासाचं पिल्लू काही दिसेना. सहा पायांचा एक मळकट किडा तेवढा सरपटत होता. "ह्ये चतुराचं पोर. पाण्यातच वाढतं."

"मग माझ्या घरात डास आलं कुठनं? आभाळातनं?"

"डेंगूचा डास घराभवतीच्या साठल्या, स्वच्छ पाण्यात व्हतो भाऊ. लई लांब उडत बी न्हाई. चला, तुमच्या घरीच बघू."

"माझ्या घरी? रांजणाला झाकण हाय, हौद दर आठवड्याला घासतो! चला, बघाच!"

ठकूबाईनं तो किडा डब्यातल्या पाण्यात घेतला अन् मोटरसायकलवर मागं बसली. घरी तिनं हौद बघितला, कुंड्या उचलल्या, गोठा धुंडाळला. काही नाही! गेणभाऊ मिशीत हसले. तेवढ्यात तिनं मान वर केली.

"बराखीवर काय हाय?"

कांद्याची बराखी, म्हणजे कांदा साठवायची चाळ, आमच्याकडं घरोघर. वरचा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून आपण सगळेच काय करतो? जुने टायर टाकतो. गेणभाऊंनी तर मोजून चौदा टाकलेले. ते शिडीनं वर चढले, टायरात वाकून बघितलं. पाणी काचेसारखं स्वच्छ, अन् त्यात शेकडो पिल्लं वळवळत होती. चौदाच्या चौदा टायरांत!

समृद्धी रोज याच बराखीच्या सावलीत अभ्यासाला बसायची.

तांब्याभर पाणी घेऊन गेणभाऊ खाली आले. ठकूबाईनं त्यातलं थोडं डब्यात ओतलं. मळकट किड्यानं खालचा जबडा झपकन पुढं टाकला. एक पिल्लू गेलं. दुसरं गेलं. तिसरंही!

"अरं देवा!" गेणभाऊंनी डबा डोळ्यांजवळ धरला. "ज्यो माझ्या पोरीचं वैरी खातोय, त्यालाच माराय निघालो व्हतो मी! अन् वैरी पाळलं ते बी मीच!"

"आता रडत बसू नका," ठकूबाई म्हणाली. "डास तुमच्या कुंपणाशी थांबत न्हाई. शेजारी बी पोरं हायत."

शेजारी म्हणजे चुलतभाऊ धर्माजी. बांधावरून चार वर्षं अबोला. गेणभाऊंनी आपले टायर उतरवले, त्यांच्या जागी मातीच्या गोण्या ठेवल्या. मग शिडी खांद्यावर टाकून ते धर्माजीच्या अंगणात उभे राहिले. भाऊबंदाच्या दारात आपली चूक सांगायची म्हणजे जीभ जड होते, मंडळी! पण ते बोलले.

"धर्मा, माझी नात माझ्या टायरांनी आजारी पाडली. तुझा नातू शौर्य तरी वाचव. मला बराखीवर चढू दे."

धर्माजी ओट्यावरून खाली उतरला. मग पुढं होऊन त्यानं शिडीचं दुसरं टोक धरलं. त्याच्या बराखीवर नऊ टायर निघाले.

समृद्धी आठव्या दिवशी बरी होऊन घरी आली. तोवर दोघा भावांनी मिळून सगळ्या वाडीचे टायर उतरवले होते.

मंडळी, संकट आलं की आपलं बोट आधी दुसऱ्याकडं जातं. ओढा, तळं, मुके किडे यांना तर बाजू मांडायला तोंडही नाही. दोष द्यायच्या आधी बघायला शिका. चतुर बघणारी माणसं खुळी नव्हती, न बघणारे आपणच खुळे होतो! तुमच्या छपरावर काय आहे, माहीत आहे का? मग वाचत काय बसलात? शिडी लावा.