शंकेला आधार काय?

"हे दूध काढायचे पंप नाहीत," मास्तरीणबाई ट्रकच्या मागच्या भागात चढून उघड्या खोक्यात वाकून बघत म्हणाल्या.

खाली उभा असलेला एजंट हसला. दुसऱ्यांच्या मालाची कागदपत्रं तयार करायची आणि गाड्या सीमेपार काढून द्यायच्या, हा त्याचा धंदा. गेटवर रोजची ऊठबस, त्यामुळे जिभेवर कायम साखर. "अहो ताई, पंप तो पंप. गाईला लावतायत की म्हशीला, आपण कशाला चौकशा करायच्या?"

"आतलं अस्तर बघितलंत? जहाल रसायनांनी झिजू नये म्हणून दिलंय ते. दूध इतकं जहाल कधीपासून झालं?"

एजंटाचं हसू जरा आखडलं. बाईंनी फळी पुन्हा खोक्यावर ठेवली, हात झटकले आणि खाली उतरल्या. "गाडी बाजूला घ्या. परवाना कार्यालयाला विचारते. त्यांचं उत्तर येऊ दे, मग बघू."

बाई सीमेवरच्या या तपासणी नाक्यावर निरीक्षक होत्या. 'मास्तरीण' हे नाव त्यांना चिकटलं ते प्रशिक्षणांमुळे. जो माल साध्या कारखान्यात चालतो आणि शस्त्रं बनवायलाही चालतो, तो परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा दोन्हीकडचा नियम. तो माल ओळखायचा कसा, हे शिकवायला दूरदेशीचे पाहुणे येत. पहिल्यांदा कोणीच जायला तयार नव्हतं, म्हणून बाईंचं नाव घुसडलं गेलं. त्या मन लावून शिकल्या, परत येऊन सहकाऱ्यांना शिकवलं, आणि तिथंच फसल्या. पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणाला मग त्याच. बाईंनी माणसं तयार करायची, आणि ती तयार झाली की वरून त्यांची बदली यायची. कोणी करवसुलीला, कोणी गोदामाला. पुन्हा नवी तुकडी, पुन्हा पहिल्यापासून. नवरा घरी म्हणायचा, "तुझा शिवणाचा क्लास झालाय नुसता. टाका घालता सगळ्यांना येतो, पण अंगात कपडा कोणाच्याच नाही."

इतक्या वर्षांत बाईंनी स्वतः एकही संशयित माल पकडला नव्हता. पकडणार कशा? त्या गेटवर असायच्याच कुठं? आज हॉलमधल्या कार्यक्रमासाठी सगळे तिकडे पळाले, माणूस कमी पडला, म्हणून सकाळपुरत्या इथं आल्या होत्या.

एजंटाने फोन फिरवला असावा, कारण साहेब धापा टाकतच आले. नाक्याचे प्रमुख. निवृत्तीला टेकलेले, आणि आता कुणीतरी आपल्यावर ओरडणार आहे असा चेहरा करून वावरणारे.

"बाई, हे काय मांडलंय? दोन्ही देशांचे वरचे लोक येतायत. गेटवर रांग दिसली तर माझी काय अब्रू राहील?"

"एकच गाडी बाजूला घेतलीय, साहेब."

"आणि तिच्यामागे किती तटल्यात ते बघा! कागद बरोबर आहेत ना?"

"कागद बरोबर आहेत. मालाबद्दल शंका आहे."

"शंका! शंकेला आधार काय? परवाना कार्यालयाला विचारलंत?"

"फोन कोणी उचलत नाही."

"कसा उचलतील? सगळे इथंच यायला निघालेत. कार्यक्रमाला!"

बाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "साहेब, माझी चूकही असेल. खरंच दुधाचे पंप असतील. तसं असलं तर गाडी एक-दोन दिवस उभी राहील, एवढंच. पण नसले तर?"

साहेबांनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "सोड रे गाडी," ते अडसराजवळच्या शिपायाला म्हणाले. शिपायाने आधी बाईंकडे बघितलं, मग साहेबांकडे, आणि अडसर वर गेला. एजंट जाता जाता बाईंना नमस्कार करून गेला. तो नमस्कार बाईंना थोबाडीत मारल्यासारखा लागला.

त्या कार्यालयाच्या मागच्या भिंतीआड गेल्या आणि पलीकडच्या गेटवरच्या निरीक्षकाला फोन लावला.

या माणसाची आणि त्यांची एका प्रशिक्षणात जोडी लावली होती. त्याने चोरटा माल नेणाऱ्या ड्रायव्हरचं सोंग करायचं, बाईंनी त्याला पकडायचं. तो इतका गांगरला, की बाईंनी तोंड उघडायच्या आत सगळं कबूल करून मोकळा झाला. हॉल हसून लोळला. तेव्हापासून तो त्यांना ताई म्हणायचा. भाषा दुसरी, पण शेजारची. मोडकीतोडकी बोलली तरी पोचायची.

"दादा, निळा ट्रक येतोय. दुधाचे पंप म्हणून लिहिलंय. तेवढा उघडून बघ."

"मग तुम्हीच का नाही थांबवला?"

"आमच्याकडे आज कार्यक्रम आहे," बाई म्हणाल्या.

"बरं, कळलं," तो म्हणाला. "मी थांबवतो. पण ताई, संध्याकाळच्या आत तुमच्याकडून लेखी येऊ द्या. दोन ओळी चालतील, फक्त साहेबांची सही हवी. नाहीतर मला विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून गाडी अडवलीस? काय सांगू, आमच्या ताईंचा फोन आला होता?"

"येईल," बाई म्हणाल्या. इतक्या ठामपणे, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

हॉलमध्ये नव्या खुर्च्या, नवे पडदे, टेबलावर शेजारी शेजारी दोन झेंडे. दोन्हीकडच्या मोठ्या लोकांनी एका करारावर सह्या केल्या. करार होता संशयित मालाची माहिती एकमेकांना तातडीने कळवण्याचा. त्याला आणखी मुदत मिळाली. टाळ्या झाल्या. बाईंनीही हात हातावर आपटले.

मग बाईंचा पाठ. दरवेळचाच, त्यात एक मनाने रचलेली गाडी असे, तिच्यात मनाने रचलेला माल असे, आणि शिकाऊ मंडळींनी काय करायचं ते सांगायचं. बाई उभ्या राहिल्या आणि दरवेळची गाडी त्यांच्या तोंडून निघेचना.

"समजा, एक निळा ट्रक आहे," त्या म्हणाल्या. "त्यात पंप आहेत. कागदावर लिहिलंय दुधाचे. आतून जाड अस्तर. अधिकाऱ्याला शंका येते, पण गाडी सुटते. सीमा ओलांडते. आता काय करायचं?"

पहिल्या रांगेत साहेबांची मान खाली गेली.

मागच्या रांगांतून भराभर उत्तरं आली. पलीकडच्यांना कळवायचं! गाडी तिथं अडवायची! बाईंनीच शिकवलेलं सगळं. एका सुरात, अगदी पाढे म्हटल्यासारखं. मुख्य प्रशिक्षक, पिकल्या केसांची उंच परदेशी बाई, खूश झाली. मनाने ती भली होती, आणि तिला यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. दुभाष्यामार्फत ती म्हणाली, "हे नाक्याच्या प्रमुखांकडूनच ऐकूया. तुम्ही काय कराल?"

साहेब उठले. घसा साफ केला. "ताबडतोब लेखी कळवायचं," ते म्हणाले. "वेळ घालवायचा नाही."

पुन्हा टाळ्या. प्रशिक्षक बाईने अंगठा वर केला.

चहाच्या सुट्टीत बाईंनी साहेबांना खिडकीपाशी गाठलं. पलीकडे पाठवायचा दोन ओळींचा मजकूर तयार होता, पेनही पुढं केलं.

"ते उदाहरण होतं, बाई."

"नव्हतं, साहेब."

साहेबांनी कप ठेवला. आवाज एकदम खाली आणला. "मला कळत नाही का? पण हे पाठवलं की पहिला प्रश्न येणार, मग सोडली कुणी? शेवटच्या दिवसांत चौकशी लागली तर घरी काय तोंड दाखवू?"

"मी सोडली म्हणून लिहा."

"काय?"

"सकाळी गेटवर मी होते, सगळ्यांनी बघितलंय. माझ्या नजरेतून सुटली, मागाहून लक्षात आलं. तसं लिहा. सही तेवढी तुमची लागते."

साहेबांनी पेनाकडे बघितलं. क्षणभर वाटलं, पेन घेतात. हात उचललाही होता. तेवढ्यात माइकवरून सगळ्यांना फोटोसाठी बाहेर बोलावलं.

"फोटोनंतर बघू," साहेब म्हणाले, आणि सुटका झाल्यासारखे चालू लागले.

फोटोत प्रशिक्षक बाईने मास्तरीणबाईंना हाताला धरून मधोमध उभं केलं. फोटोनंतर मोटारी आल्या, पाहुण्यांना शहरात जेवायला न्यायचं होतं, आणि साहेब पहिल्याच मोटारीत बसले. बाई मागून चालत गेल्या, मग चक्क धावल्या. मोटारीची काच वर होती. नंतर त्यांनी फोन केला, पुन्हा केला. तो बंद होता. शेवटी त्यांनी त्याच दोन ओळी स्वतःच्या सहीने पलीकडे पाठवल्या.

दिवे लागता लागता दादाचा फोन आला.

"ताई, तुमच्या सहीचं चालत नाही म्हणाले आमचे साहेब. गाडी सोडावी लागली."

"उघडून बघितलंस?"

"बघितलं. दुधाचे तर मलाही वाटले नाहीत." मग म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या."

घरी नवऱ्याने ताट वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं. आज त्याने शिवणाच्या क्लासचा विनोद केला नाही. "तू तुझ्याकडून केलंस ना," एवढंच म्हणाला.

"केलं म्हणजे काय केलं?" बाई उसळल्या. "गाडी गेली! मी धावले नुसती. त्या मोटारीमागं, वेड्यासारखी!" आणि मग ताट पुढं ओढून, रागारागाने, सगळं संपवलं.

ते पंप कुठं गेले, कशाला लागले, हे कोणालाच कळलं नाही. कदाचित खरंच कुठल्यातरी गोठ्यात चालू असतील. बाई स्वतःला तसं सांगून बघत, पण ते गळी उतरत नसे.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. परदेशातल्या मोठ्या प्रशिक्षणाला एक जागा होती. "तुमचं नाव मीच पुढं केलंय," ते म्हणाले. नजर टेबलावर. "आजवरचं सगळ्यांत चांगलं आहे. तिकडे थंड हवा, राहायची उत्तम सोय."

"मला नको, साहेब. मला गेटवर ठेवा."

"गेटवर? या वयात? बाई, तिथं धूळ, ऊन, शिवीगाळ…"

"कायमची ठेवा."

साहेबांनी कोरा कागद पुढं ओढला. आदेश लिहिला. ही सही मात्र त्यांनी लगेच केली.

पहिल्या सकाळी बाई लवकरच गेटवर पोचल्या. गाड्या अजून यायच्या होत्या. दोन्ही गेटांच्या मधला रस्ता रिकामा होता आणि पलीकडे, अडसराशी, गणवेशातला एक माणूस उभा होता. बाईंनी हात वर केला.

माणूस वळला. दादा नव्हता तो. लेखी आधाराशिवाय गाडी अडवली म्हणून दादाला आतल्या कुठल्याशा गोदामावर पाठवलं होतं. हे बाईंना दुपारी समजलं. हा कोणी नवाच होता. त्याने बाईंचा वर केलेला हात बघितला, गोंधळला, आणि हा हात कुणासाठी आहे ते बघायला मागे वळला. मागे कोणीच नव्हतं.