तेहेतीसवर फिरलेलं आयुष्य

मित्रांनो, तुमच्यातल्या बहुतेकांनी माझी एखादी जातबहीण कुठल्यातरी हॉटेलाच्या भिंतीवर शोभेला टांगलेली पाहिली असेल, वाजताना नाही. मी एक तबकडी आहे. बारा इंची, काळी, मधोमध लाल कागद चिकटवलेली, वयानं पस्तिशी ओलांडलेली. माझ्यात गाणं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तोंड वाकडं करायला नको. माझ्यात एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत आहे. पडद्यावरची माणसं गप्प असतात तेव्हा मागे वाजतं ना, ते. तो चित्रपट पडद्यावर आलाच नाही. मी तेवढी आले.

श्रीधर नेवरेकर नावाच्या संगीतकाराचं मी शेवटचं काम. माझ्या बाबतीत त्यानं एक हट्ट धरला. त्या काळी साधा नेम होता: लहान तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणार, मोठी तेहेतीस. नेवरेकर म्हणाला, ही मोठी असली तरी पंचेचाळीसवरच कोरा, नाद स्वच्छ उठतो. कारखान्यातली माणसं कुरकुरली, पण त्यांनी ऐकलं. फक्त ते ‘४५’ माझ्या लाल कागदाच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं. इथंच माझं नशीब फुटलं.

मला विकत घेतलं भागोजीनं. तो रत्नागिरीच्या मिऱ्याचा, बोटीवर इंजिनखात्यात नोकरीला. सुट्टीवर येताना मुंबईत उतरला की तबकड्या शोधत फिरायचा, आणि त्याही पार्श्वसंगीताच्या. हे वेड त्याला लावलं होतं त्याच्या शाळेतल्या दोस्तानं, अण्णांनी. अण्णा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. रत्नागिरी गावात घर, मागे दहाबारा हापूसची कलमं, आणि माजघरात एक कोरडं कपाट. दोघांच्या मिळून दोनशेवर तबकड्या त्या कपाटात राहायच्या, कारण मिऱ्याच्या खाऱ्या हवेत कागदाला चार दिवसांत बुरा चढतो. पावसाळ्यात अण्णा आम्हा एकेकीला रिठ्याच्या पाण्यानं धुवायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचे. इतकं प्रेम मला पुन्हा कोणी केलं नाही, आणि तरी त्याच माणसानं मला कधी माणसात धरलं नाही.

भागोजी सुट्टीवर असला की दर रविवारी दुपारी बैठक. एक बाजू संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा नियम. मग सोलकढीचा पेला, आणि मग भांडण. दोघंही नेवरेकरचे भक्त. मला पहिल्यांदा लावलं तेव्हा भागोजीनं यंत्राची वेगाची कळ तेहेतीसवर ठेवली. मोठी म्हणजे तेहेतीस, त्यात बघायचं काय? माझा कागद कोणी वाचलाच नाही.

माझ्या पहिल्या बाजूवर वरात आहे हो! ताशे आहेत, सनया आहेत, पोरं नाचताहेत. ती वरात रडत-रखडत निघाली. सनई भोंग्यासारखी हंबरली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. बाजू संपली, आणि अण्णांनी निकाल दिला की नेवरेकर संपला. तीस व्हायोलिनवाले सोडून सिंथेसायझरपुढं बसला तेव्हाच त्याचं काम आटोपलं होतं, आता ही प्रेतयात्रा ऐका.

भागोजी मात्र डोळे मिटून बसला होता. तो म्हणाला, “अण्णा, हा म्हातारा झालाय, पण दमलेला न्हाय. सावकाश चाललाय, बघत बघत.”

तिथून तीस वर्षं तोच वाद. नेवरेकर शेवटी घसरला की चढला? अण्णा दाखले द्यायचे, सनावळ्या सांगायचे, शाळेतल्यासारखा आवाज चढवायचे. भागोजी एवढंच म्हणायचा, पुन्हा लाव. आणि मी बापडी दोघांच्या मध्ये चुकीच्या वेगानं गरगरत राहायचे. ओरडून सांगावं वाटायचं की अरे शहाण्यांनो, माझा कागद वाचा. पण तबकडीला जे कोरलंय त्याच्यापलीकडे एक अक्षर बोलता येत नाही.

भागोजी निवृत्त होऊन मिऱ्याला परतला तोवर त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. तीस वर्षं इंजिनाच्या धडधडीत उभं राहिल्यावर दुसरं काय व्हायचं? बाकीच्या तबकड्या लागल्या की तो नुसता मान डोलवायचा. मला लावलं की पुढं सरकून यंत्राच्या पेटीवर तळहात ठेवायचा आणि त्याचा चेहरा खुलायचा. अण्णांना ते नाटक वाटायचं. एका रविवारी वाद हातघाईवर आला आणि अण्णा नको ते बोलून गेले. म्हणाले, “इंजिनात कान घालवून आलेल्यानं मला संगीत शिकवू नये.”

भागोजी सोलकढी तशीच ठेवून उठला, कपाटातून मला एकटीला काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि चालू पडला. त्याच्या स्वतःच्या शंभर तबकड्या तिथंच राहिल्या. अण्णांना वाटलं, पुढच्या रविवारी येईल. तो आला नाही, आणि अण्णा आपणहून गेले नाहीत. गावातून मिऱ्याला जायला असा किती वेळ लागतो? पण तीन वर्षं गेली.

मिऱ्याला भागोजीच्या स्वतःच्या यंत्रावर मी रोज संध्याकाळी वाजले. भागोजीची बायको सगुणा समोर तांदूळ निवडत बसायची. तो पेटीवर हात ठेवून ऐकायचा, आणि मध्येच म्हणायचा, अण्णा यायला हवा होता.

गेल्या माघात भागोजी गेला. अण्णा पोचवायलासुद्धा येऊ शकले नाहीत. आदल्याच दिवशी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती. बारावं झाल्यावर सगुणा मला घेऊन त्यांच्याकडे आली. जाण्याआधी भागोजीनं सांगून ठेवलं होतं, ही अण्णाकडे पोचव. ती उंबऱ्याच्या आतही आली नाही. मला त्यांच्या हातात दिलं आणि गेली.

अण्णांनी रिठे भिजत घातले. बुरा चढला होता माझ्यावर, तो पुसता पुसता ते लाल कागदापाशी आले आणि त्यांचा हात थांबला. नव्या डोळ्यांना मुंगीएवढं ‘४५’ लख्ख दिसलं. बराच वेळ ते मला तशीच ओली धरून बसले. मग पुसलं, यंत्रावर ठेवलं, कळ सरकवली. आणि मित्रांनो, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझी वरात नाचत निघाली! ताशे कडाडले, सनई सनईसारखी वाजली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डॉक्टरनं रडू नका म्हणून बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला छातीशी धरून ते मिऱ्याला गेले. सगुणेला म्हणाले, भागोजी बरोबर होता, नेवरेकर शेवटपर्यंत घसरला नव्हता, मीच गाढव. आणि भागोजीच्या यंत्रावर त्यांनी मला पंचेचाळीसवर लावलं.

सगुणेनं थोडं ऐकलं आणि मान हलवली. “ह्यां त्यांचां न्हाय, अण्णानू. त्यांचां सावकाश वाजायचां. शेवटी शेवटी मोठ्या आवाजातली बोलणीसुद्धा त्यांना कळायची न्हाईत, सनईसारखा बारीक सूर तर न्हाईच न्हाई. पण ह्या तबकडीचा जाड आवाज तेवढा हाताला कळायचा म्हणायचे.”

तेव्हा कुठं अण्णांना उलगडलं. सावकाश फिरले म्हणून माझा आवाज जड, खोल झाला होता, आणि पेटीवरच्या हातावाटे भागोजीच्या गेलेल्या कानांपर्यंत तेवढाच पोचत होता. ज्या कानांना अण्णांनी बोल लावला, त्या कानांना जगात मी एकटीच उरले होते.

त्यांनी कळ परत तेहेतीसवर आणली. पेटीवर, भागोजी ठेवायचा तिथं, तळहात ठेवला. माझी वरात पुन्हा रखडत निघाली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण त्या दिवशी मला लाज वाटली नाही. सगुणा तांदूळ निवडत ऐकत राहिली. आता दर रविवारी अण्णा मिऱ्याला येतात आणि मी अशीच वाजते.

मित्रांनो, आम्हा तबकड्यांना उन्हात टाकू नका, ओल लागू देऊ नका, आणि आमच्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय आम्हाला नावं ठेवू नका. तेवढं केलंत तर आम्ही शंभर वर्षं टिकतो. माणूस तेवढा टिकत नाही. ज्याच्याशी तुमचं भांडण चालू आहे, त्याच्या घरी आजच जा. आपले डोळे साफ व्हायची वाट बघत बसू नका. अण्णांनी ती बघितली.